तुम्ही मान पुन्हा पाहिलीत म्हणून

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

रोज इतक्या जणी सोनोग्राफीसाठी तुमच्या टेबलावर झोपतात, त्यात मी आठवेन की नाही कोण जाणे. एकतिसावा आठवडा, ढोलासारखं ताणलेलं पोट, आणि आधीच्या रिपोर्टात ‘गर्भजल वाढले आहे’ एवढी एकच ओळ. काहींना वाढतं पाणी, असं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं. तुम्ही मात्र स्वतःशीच पुटपुटलात, “बाळ हे पाणी गिळत का नाहीये?”

मग प्रोब बाळाच्या मानेवर आला आणि तिथेच थांबला. हनुवटी वर, मान मागे गेलेली, पुढे एक गाठ. तुम्ही आतला प्रवाह रंगात दाखवणारं कलर डॉपलर लावलात आणि बाळ श्वासाची हालचाल कधी करतंय याची वाट पाहत बसलात. मला कुशीवर वळवलंत, परत सरळ केलंत. बाहेर खोळंबलेले लोक दार वाजवत होते. शेवटी श्वासनलिकेत रंगाची एक बारीक रेघ हलली. “वाट दबलीय, पण बंद नाही.” पूर्ण बंद असती तर आतलं पाणी कोंडून फुप्फुसं फुगली असती, स्क्रीनवर पांढरी दिसली असती, खालचं श्वासपटल चपटं झालं असतं, हे तुम्ही बोट ठेवून समजावलंत. (लेखी रिपोर्टातली भाषा मात्र भयंकर होती हं!)

“पोटात आहे तोवर ऑक्सिजन नाळेतून मिळतोय. खरी घाई नाळ कापल्यावरची,” हे तुमचं वाक्य मी घरी सगळ्यांना सांगत सुटले. पुढे एमआरआय झाला आणि ‘एक्झिट’ करायचं ठरलं. सिझेरियनच, पण गर्भाशय भुलीने सैल ठेवायचं, म्हणजे वार (प्लॅसेंटा) सुटत नाही. बाळाचं डोकं आणि खांदे तेवढे बाहेर घ्यायचे आणि नाळ चालू असतानाच श्वासनलिकेत नळी घालायची. मी गाढ झोपेत होते. नळी तिसऱ्या प्रयत्नात बसली, असं नंतर कळलं. तीन प्रयत्नांना वेळ मिळाला, तो तुमच्यामुळे.

गाठ काढली, साधी निघाली.

नळी असलेलं बाळ रडतं तेव्हा तोंड वेडंवाकडं होतं, पण आवाज येत नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आठवडाभर मी ते मुकं रडणं बघत बसले. नळी काढल्यावर पहिला आवाज आला तो घोगरा, म्हाताऱ्यासारखा. आता तो चांगलाच खणखणीत झालाय. तुम्हाला ऐकवायचाय. कधी येऊ?

तुमची,
त्या दिवशी रांग अडवून बसलेली पेशंट