मी भरती होत नाहीये

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी इथल्या सैन्यात भरती होत नाहीये. फोटोत माझ्या शेजारी फौजी टोपीतले म्हातारे दिसले आणि कुणीतरी तुझ्या डोक्यात घातलं की परदेशी पोरांना नागरिकत्वाचं आमिष दाखवून घेऊन जातात. अगं, ग्रीन कार्ड नसलेल्याला तिथे दारात उभं करत नाहीत. आणि आण्णा पहाटे पळायला उठवायचे तेव्हा ज्याचं हमखास पोट दुखायचं, त्याला कुठली पलटण घेणार? जेवणखाण, थंडी, ऑफिस, सगळं ठीक आहे. स्वेटर घालतो.

ते आजोबा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, शहात्तरीचे. १९६८ साली व्हिएतनामच्या लढाईत होते, जखमींना मलमपट्टी करायच्या कामावर. एकटेच असतात. त्यांना गाडी चालवायला डोळे साथ देत नाहीत, म्हणून रविवारी मी त्यांना फॉल्स चर्चच्या व्हिएतनामी बाजारात घेऊन जातो. (हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर तिथेच चांगली मिळते.) दुकानदार बहुतेक १९७५ मध्ये सायगाव (दक्षिण व्हिएतनामची राजधानी) पडल्यावर पळून आलेल्यांपैकी किंवा त्यांची मुलं. आजोबा तिथे निवांत सूप पीत बसतात, मी भाजी घेतो.

आता इथली एक तऱ्हा सांगतो, जी मला अजून पचलेली नाही. माजी सैनिक दिसला की त्याला वाटेत अडवून आभार मानायची पद्धत आहे. ओळखदेख लागत नाही. टोपीवर ‘व्हिएतनाम व्हेटरन’ एवढं भरतकाम दिसलं की माणूस येतो, हात पुढे करतो, ‘वेलकम होम’ म्हणतो आणि चालायला लागतो. नाव नाही, गाव नाही, ‘चहा घेणार का’ नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं आजोबा गावाला जाऊन आलेत. तसं नाही. पन्नास वर्षांपूर्वी जे म्हणायचं राहिलं ते आता म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेलेही नसतात. परवा दुकानात यांच्या हातात आइस्क्रीमचा डबा, समोर कॉलेजातली पोरगी डोळ्यांत पाणी आणून उभी. यांनी तिचा हात हातात घेतला, दोन शब्द बोलले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘चल लवकर, वितळतंय.’

तेव्हाचा मामला वेगळा होता. इथून सुमारे २७ लाख माणसं त्या युद्धावर पाठवली गेली. पलटण एकत्र परतायची नाही, ज्याची वर्षभराची मुदत संपेल तो एकेकटा विमानात बसायचा. आदल्या आठवड्यात गोळीबारात, या आठवड्यात आईच्या स्वयंपाकघरात. आजोबांना कॅलिफोर्नियात उतरल्यावर सांगितलं होतं, वर्दी काढून साधे कपडे घालून घरी जा, उगाच कटकट नको. अंगावर थुंकल्याच्या गोष्टी इथे पुष्कळ ऐकू येतात, काही अभ्यासक त्याला पुरावा नाही म्हणतात. यांच्यावर कुणी थुंकलं नाही. कुणी काही विचारलंच नाही. नोकरीच्या अर्जात ती वर्षं हे भरायचेच नाहीत. युद्ध नको असलेल्यांचा राग मुख्यतः सरकारवर होता, पण त्याची झळ या पोरांनाही लागली. न्यूयॉर्कने मिरवणूक काढली ती १९८५ साली, सैन्य परतून बारा वर्षांनी. जंगलावर फवारलेल्या विषारी तणनाशकाने आजारी पडलेल्यांसाठी कायदा झाला तो १९९१ ला. म्हणून हे हात मिळवणं मला जरा फुकटचं वाटतं. आजोबांना मात्र आवडतं.

काल माजी सैनिकांचा दिवस होता, त्यांना घेऊन वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या भिंतीला गेलो. फोटो तिथलाच. मधोमध दहा फूट उंच आणि दोन्ही टोकांना घोट्याएवढी होत गेलेली काळी भिंत, त्यावर त्या युद्धात पडलेल्या आणि बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांची ५८ हजारांहून जास्त नावं. १९८२ मध्ये बांधली, लोकांच्या वर्गणीतून. नकाशा काढला माया लिन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने, आणि काळा रंग कशाला म्हणून तेव्हा केवढं रामायण झालं! नावं मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावलीत, म्हणजे एका दिवशी पडलेले जवळजवळ सापडतात. बाकीचे लोक जाडजूड यादीत नाव शोधत होते. आजोबा थेट जाऊन वाकले आणि एका नावावर कागद धरून पेन्सिल घासली. हात थरथरत होता, म्हणून कागद मी धरला.

आण्णा, हे तुमच्यासाठी. त्या भिंतीचा दगड बेंगळुरूकडून आलेला आहे. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून कागदावर लिहितोय. आजोबांना मी तुमचं सांगितलं. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर शांतता राखायला म्हणून तुम्हाला श्रीलंकेत पाठवलं आणि ऑक्टोबरात तमिळ वाघांशी (लिट्टेच्या बंडखोरांशी) लढाईच जुंपली, सुमारे १२०० जवान गेले, आणि मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान मद्रासला उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘मग वडील काय म्हणतात?’ म्हटलं, काही नाही, ट्रंक माळ्यावर आहे. ते हसले. त्यांचीही तिथेच आहे. दिल्लीच्या युद्धस्मारकावर २०१९ पासून श्रीलंकेतल्यांचीही नावं आहेत. पुढच्या खेपेला आपण दोघं जाऊ. तिकीट मी काढतो, गुडघ्याचं कारण सांगू नका.

आता पूनमच्या लग्नाचं. उद्यापासून तुळशीची लग्नं, म्हणजे मुहूर्त सुरू. दीड लाख पाठवलेत, त्यातून हॉलचा ॲडव्हान्स देऊन टाका, उरलेले डिसेंबरात पाठवतो. सोसायटीचं कर्ज काढू नका, मी सांगतोय ना. मामांच्या मानपानाचे पैसे वेगळे धरलेत. साखरपुड्याला येणं जमत नाही. व्हिसाचा शिक्का मुंबईत अडकला तर नोकरीवर येईल, हे पूनमला तूच नीट समजावून सांग, माझ्याशी ती बोलत नाहीये. लग्नाला नक्की येतो. म्हणजे सुट्टी मंजूर झाली की नक्की. नाहीच जमलं तर पूनमच्या पाठीशी दाजी उभे राहतील, पण ते नंतर बघू.

कराडच्या मुलीचा फोटो पाहिला. छान आहे. पण ती तिथे शिक्षिका आहे, कायम नोकरीवर, तिने ती सोडून इथे यायचं का, हे तिच्या वडिलांना नको, तिलाच विचारा. तोवर त्यांना होकार कळवू नकोस. नकारही नको.

तुझा,
संदीप