किलोवॅट आणि युनिट यांची गल्लत थांबावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या बातम्या छापताना आपले दैनिक एक पथ्य कटाक्षाने पाळते. धरणातला साठा दशलक्ष घनफुटांत दिलेला असतो आणि गोदापात्रात सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये. ‘धरणात इतके क्युसेक पाणी साठले’ असे वाक्य मी तरी कधी वाचलेले नाही. विजेच्या बातम्यांत मात्र नेमकी हीच गल्लत वरचेवर आढळते. एखाद्या शाळेच्या छतावरील सौर पॅनेलमधून ‘दररोज दहा किलोवॅट वीज मिळणार’ किंवा एखाद्या सोसायटीने ‘वर्षभरात अमुक हजार किलोवॅट वाचवले’ असे छापले जाते, आणि त्यावरून वाचकाला ना पॅनेलची क्षमता कळते, ना प्रत्यक्ष मिळणारी वीज.

सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, तसे सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक वॅट. एक हजार क्युसेकचा विसर्ग तासभर चालला तर 36 लाख घनफूट पाणी खाली जाते. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले तर 36 लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते, आणि एवढ्या ऊर्जेलाच बिलावर एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणतात. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचा 210 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर 2 लाख 10 हजार युनिट वीज तयार होते. ‘तासाला 210 मेगावॅट’ या म्हणण्याला मात्र काही अर्थ नाही, कारण वेळेचा हिशेब वॅटमध्ये आधीच धरलेला आहे.

हा काटेकोरपणा केवळ अभियंत्यांच्या समाधानासाठी हवा, असे कोणी समजू नये. जास्त वॅटचे उपकरण म्हणजे जास्त बिल, हा समज घरोघरी पक्का आहे आणि त्यापायी खरेदीचे निर्णय चुकतात. नाशिकच्या थंडीत लागणाऱ्या गिझरचेच पाहा. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायचे तर साधारण अर्धे युनिट लागते, मग गिझर 2000 वॅटचा असो की 3000 वॅटचा. पहिला सुमारे सोळा मिनिटे घेईल, दुसरा साडेदहा, आणि थोडी उष्णतागळती सोडली तर बिलात फरक पडणार नाही. फरक पडतो तो वायरिंगवर. 230 व्होल्टला 2000 वॅटचा गिझर जवळपास पावणेनऊ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो आणि 3000 वॅटचा तेरा, म्हणून दोघांनाही साधा सॉकेट पुरत नाही, 16 अँपिअरचाच हवा. उलट 75 वॅटचा जुना पंखा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण बारा तास फिरला की तो 0.9 युनिट वापरतो, म्हणजे त्या अर्ध्या युनिटाच्या गिझरहून किती तरी अधिक. त्याच जागी 30 वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा असेल तर तेवढ्याच वेळात 0.36 युनिटवर भागते.

आपल्या घरात या क्षणी किती वॅट वापरले जात आहेत, हे पाहायला वेगळे यंत्रही लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा, उदाहरणार्थ 3200, छापलेला असतो. मिनिटभरात दिवा जितक्या वेळा लुकलुकेल त्या संख्येला साठने गुणून 3200 ने भागले की किलोवॅट मिळतात. चाळीस वेळा लुकलुकला तर पाऊण किलोवॅट. एकेक उपकरण बंद करत हे मोजले, तर मीटर पळतो अशी तक्रार करण्यापूर्वी तो कशामुळे पळतो हे तरी कळेल. (माझ्या मते शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी मांडल्या जाणाऱ्या ज्वालामुखीपेक्षा हा प्रयोग केव्हाही बरा.)

पंपाच्या पाटीवरचा आकडा आणखी वेगळा. द्राक्षबागेतील 5 एचपीची मोटार म्हणजे सुमारे 3.7 किलोवॅट, परंतु ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते. मोटारीतील हानी धरून मीटरमधून त्याहून अधिक वीज जाते. इन्व्हर्टरवर तर वॅटऐवजी व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, लिहिलेले असते. विद्युतदाब आणि प्रवाह यांचे चढउतार जुळत नसतील तर नुसत्या गुणाकारातून येणारे व्हीए खऱ्या वॅटपेक्षा जास्त भरतात, म्हणून 900 व्हीएच्या इन्व्हर्टरवर 900 वॅटचा भार चालेलच असे धरून चालू नये.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेमुळे छतावरील सौर संचांच्या जाहिराती आता रोज दिसतात. तीन किलोवॅटचा संच आपल्याकडच्या उन्हात वर्षाच्या सरासरीने दिवसाला बाराएक युनिट देतो. क्षमता किलोवॅटमध्ये आणि अपेक्षित निर्मिती युनिटमध्ये, असे दोन्ही आकडे जाहिरातीत नसतील तर ग्राहकाला दरपत्रकांची तुलना करता येत नाही. तेव्हा अशा बातम्या आणि जाहिराती स्वीकारताना हे दोन आकडे स्वतंत्रपणे मागून घेण्याची सूचना आपण संपादकीय व जाहिरात विभागांना द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक