अण्णांच्या दाढीचा फेस

पुणे,
१४ जुलै

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. ती. अण्णांना साष्टांग दंडवत. वहिनींना नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. लकव्यानंतर अण्णा आता उशीला टेकून अर्धा तास बसू लागले, उजव्या हातानं पेला धरतात, हे वाचून फार बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटच्या ओळी मनातून जात नाहीत. तू लिहिलंस, ‘तू दिलेला साबण म्हणजे दगड आहे. घासून घासून हात भरून आला, चार फुगे उठले आणि अण्णांच्या गालापर्यंत पोचायच्या आत बसले. शेवटी डब्यातला फेस लावून दाढी केली, तर अण्णांनी तोंड फिरवून घेतलं.’

दत्ता, ज्या माणसानं साठ वर्षं रोज पहाटे स्वतःची दाढी स्वतःच्या हातानं घोटली, त्याच्या गालावर गार, हवेसारखा फेस लागला की त्याला परकं वाटणारच. अण्णांना ब्रश हवा आहे, कोमट साबण हवा आहे. तो त्यांना मिळायलाच हवा, आणि मिळेल. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो. जरा लांबेल, पण वाच.

दोष तुझ्या हाताचा नाही आणि साबणाचाही नाही. हे मी अंदाजानं सांगत नाही. तुझा धाकटा मागच्या आठवड्यात आला, तेव्हा मी त्याला मुद्दाम तुमच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं होतं. काल सकाळी ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत तुमचं पाणी, दुसरीत घरच्या फिल्टरचं. साबण तोच, ब्रश तोच, दोन्हीकडे तितकाच वेळ घोटलं. फिल्टरच्या पाण्यातला फेस चक्क्यासारखा घट्ट झाला, वाटी उपडी केली तरी हलला नाही. तुमच्या पाण्यातला आधी फुगला, मग त्यात जाड बुडबुडे दिसायला लागले आणि पाच मिनिटांत खाली पाणी सुटलं. वाटीच्या कडेला पांढरट, चिकट कण लागले होते. बोटानं पुसले तर मेणासारखे लागले. तुमच्या न्हाणीघरातल्या बादलीला आतून जो पांढरा थर चढतो ना, त्यातलेच हे.

शाळेत जोशीबाईंनी शिकवलेला शब्द आठवतोय? दुष्फेन, म्हणजेच कठीण पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही. तेव्हा आपण तो पाठ केला आणि पेपरात लिहून मोकळे झालो. तुमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम भरपूर आहे. साबण पाण्यात विरघळला की हे दोघे त्याला धरतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. फेस करायला जो साबण लागायचा, तोच असा वाया जातो. तपासणीत कठीणपणा लिटरला ५२० मिलिग्रॅम आला, असं तूच मागे लिहिलं होतंस. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही मर्यादा आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मी कागदावर हिशेब मांडला: तुमचं एक लिटर पाणी तीन ग्रॅमच्या आसपास साबण नुसता गिळून टाकतं, फेसाचा एक बुडबुडा न देता.

आणि हा साबण आलाय कुठून, तर माझी मुलगी राहते त्या इंग्लंडमधल्या लीड्सजवळून. तिथे शेजारीच ब्रॅडफर्ड आहे. एकेकाळी लोकरीच्या धंद्याचं मोठं गाव. लोकर धुवायला मऊ, म्हणजे असे क्षार कमी असलेलं पाणी लागतं, आणि त्या डोंगरांवरून येणारं पाणी फार मऊ. तो धंदा तिथे फोफावला त्याचं ते एक मोठं कारण. मुलगी आधी लंडनमध्ये होती, तेव्हा तिच्या किटलीत महिन्याभरात पांढरी खपली धरायची. लीड्सला आल्यापासून किटली लख्ख आहे म्हणते. तिथल्याच एका छोट्या कारखान्यातला हा साबण, मऊ पाण्यात तयार झालेला आणि मऊ पाण्यातच वापरला जाणारा. त्याची गाठ एकदम आपल्या काळ्या खडकातल्या पाण्याशी पडली. (अण्णांच्या गळ्यात माळ आहे म्हणून घटक दोनदा वाचून घेतले. चरबी नाही, सगळं वनस्पती तेलांचं आहे. अण्णांना तसं सांग. त्यांचे वडील तेवढ्यासाठीच गोदरेजचा साबण घ्यायचे आणि गोदरेजनं शंभर वर्षांपूर्वीच वनस्पती तेलांचा साबण काढला, हे अण्णांनीच मला सांगितलं होतं.)

खरं तर हे सगळं अण्णांना आधीपासून माहीत आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे पंधरा दिवस राहिलो होतो. अण्णा ओसरीवर पाटावर बसायचे. खांबाच्या खिळ्याला आरसा, पुढ्यात पितळेची वाटी, तिच्या बुडाला चिकटलेली साबणाची वडी. गोठ्याच्या पत्र्याच्या पन्हळीखाली घंगाळ ठेवलेलं असायचं. शेजारी हापशाच्या पाण्यानं भरलेली बादलीही असायची. मी एकदा बादलीतला तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला, तर म्हणाले, “ते नको. त्यात साबण फुटतो.” दूध फुटतं तसा साबण फुटतो! काल वाटीत पाणी सुटलेलं बघितलं आणि त्यांचा तो शब्द आठवला. याहून नेमकं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

तेव्हा पहिलं काम पाण्याचं. दाढीला अर्धा-पाऊण लिटर मऊ पाणी पुरतं, सगळं घर मऊ पाण्यानं भरायची गरज नाही. तुमच्याकडे पाऊस चालू आहे. पहिली सर पत्रा धुऊन जाऊ दे, मग पन्हळीखाली स्वच्छ भांडं ठेव, पाणी फडक्यातून गाळून बरणीत भर. पावसाच्या पाण्यात कॅल्शिअम जवळजवळ नसतंच. पावसानं ओढ दिली तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळ, निवू दे आणि वरचं नितळ पाणी घे. कठीणपणाचा एक भाग उकळल्यावर खपली होऊन खाली बसतो. सगळा जात नाही, पण फरक पडतो. किराणा दुकानातलं लिंबूसतही कामी येतं, लिटरला पाव लहान चमच्याहून थोडं कमी. त्याहून जास्त टाकू नकोस, आंबटपणा वाढला तर साबणच नासतो. मात्र अण्णांच्या कातडीला पावसाचं पाणी असताना लिंबूसत कशाला लावायचं, असं मला वाटतं.

आणि एक सांगतो, कारण तू हे करशील अशी मला शंका आहे. तुरटी फिरवलेलं पाणी घेऊ नकोस. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, पाणी मऊ होत नाही. उलट उकळून जो कठीणपणा गेला असता, तोसुद्धा तुरटीनं उकळून न जाणारा होतो. तुरटी दाढी झाल्यावर लावायला ठेव.

आता फेस. मुख्य चूक इथे होते, आणि ती मीही बरीच वर्षं केली. आपण फुगे आले की फेस झाला असं समजतो. फुगे म्हणजे नुसती सुरुवात. क्रीममध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं, म्हणून ते लगेच फुलतं. या वडीतला साबण रुळांतून पुन्हा पुन्हा काढून दाबलेला आहे, आत पाणी फार थोडं. म्हणून ती महिनोन् महिने टिकते आणि म्हणूनच ती लगेच काही देत नाही.

सकाळी पहिल्यांदा वडीवर दोन चमचे गरम पाणी ओत आणि तसंच राहू दे. ब्रश कोमट पाण्यात बुडवून ठेव. मी दिलेला ब्रश डुकराच्या केसांचा आहे. ते केस पाणी पितात, त्यांना पाच मिनिटं तरी हवीत. कोरड्या ब्रशनं सुरुवात केलीस तर तू घातलेलं पाणी ब्रशच पिऊन टाकेल आणि फेस मध्येच सुकेल. तोवर पंचा गरम पाण्यात पिळून अण्णांच्या गालांवर आणि हनुवटीवर ठेव. दोन-तीन मिनिटं. खुंट भिजले की मऊ होतात आणि पातं ओढत नाही. पाणी आपल्या मनगटाला सोसेल इतकंच गरम घे, अण्णांच्या डाव्या गालाला चटका कळायचा नाही.

मग वडीवरचं पाणी वाटीत ओतून घे, टाकू नकोस, त्यात साबण उतरलेला असतो. ब्रश दोनदा झटक. ओला असावा, निथळत नसावा. आता वडीवर गोल फिरव, जोर न लावता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. वीस सेकंदांत मोठे फुगे दिसतील, तिथे थांबू नकोस. हळूहळू फुगे मोडतील आणि ब्रशच्या टोकांवर गंधासारखा दाट लेप चढेल. ब्रश जड लागायला लागतो, वडीवरून फिरताना किंचित अडतो, आवाजही बदलतो. आधी चुळचुळ, मग नुसती सरसर. तो बदल कानांनी ओळखता येतो. तुझं काम फसलं ते इथेच. साबण कमी आणि पाणी जास्त, तेही कठीण पाणी.

हा लेप घेऊन ब्रश दुसऱ्या, रिकाम्या वाटीत आण. आता पाणी थेंबाथेंबानं. ब्रशची टोकं पाण्याला नुसती टेकव आणि पंधरा-वीस वेळा फिरव. पुन्हा टेकव, पुन्हा फिरव. श्रीखंडाला चक्का फेटताना वहिनी कशा दमादमानं घेतात, तसं. सुरुवातीला फेस पांढराफटक, कोरडा दिसेल, टोकं ताठ उभी राहतील. बरेच जण इथेच खूश होऊन थांबतात. अजून तहान आहे त्याला. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यावर चकाकी येते, टोकं वाकायला लागतात, बुडबुडा डोळ्याला दिसत नाही. थोडा फेस अंगठा आणि बोटात चोळून बघ. खडबड लागली तर पाणी हवं, चिकटला तरी पाणी हवं, बोटं एकमेकांवरून निसटली की झाला. जाड बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय. घाबरू नकोस, ब्रश परत वडीवर अर्धा मिनिट फिरव.

वाटी चिनी मातीची गुळगुळीत असेल तर आत ब्रश नुसता घसरतो. घरात जुना दगडी खल आहे ना, तो घे. नाहीतर नारळाची करवंटी.

साध्या अंगाच्या साबणावर हे जमत नाही, मी करून पाहिलंय. त्यात मुख्यतः सोडिअमचा साबण असतो. दाढीच्या साबणात पोटॅशिअमचाही असतो, तो पाण्यात लवकर उतरतो, आणि स्टिअरिक आम्ल जास्त असल्यामुळे फेस बारीक आणि टिकाऊ होतो.

फेस गालावर लावताना घाई करू नकोस. अण्णांना ब्रश आवडतो तो त्याच्या फिरण्यासाठी. आधी गोल गोल, केस उभे राहतील असा, मग रंगाचा हात मारावा तसा वर-खाली. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात फेस थोडा आणि घट्ट ठेव, त्या बाजूला त्यांना ओठ मिटायला जमत नाही, आत जायला नको. एरवी माणूस गाल आतून जिभेनं फुगवतो. डावीकडे अण्णांना ते होणार नाही, म्हणून तू कानाजवळ दोन बोटं ठेवून कातडी वर ताणून धर. सैल कातडीवर पातं फिरवलंस तर कापणार. आखूड हात, केसांच्या दिशेनं. उलटा हात मारूच नकोस, गुळगुळीत झाली नाही तरी चालेल. त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. जरा खरचटलं तरी रक्त लवकर थांबायचं नाही, तेव्हा ओली तुरटी हाताशी ठेव आणि लागलंच तर दाबून धर. रेझर खंगाळायलाही मऊ पाणीच घे, नाहीतर पात्यावर तो साका बसतो.

झाल्यावर ब्रश स्वच्छ धू, झटक आणि खिळ्याला टोकं खाली करून टांग. वडी उघडी वाळू दे. ओली झाकलीस तर लिबलिबीत होईल.

येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय, रविवारी सकाळी पोचेन. दाढी मी येईपर्यंत करू नकोस, दोन दिवसांची वाढू दे. अण्णांना मात्र आधी विचार, चालेल का म्हणून. आणि ती पितळेची वाटी माळ्यावर असेल तर काढून चिंचेनं घासून ठेव. घंगाळ राहिलं नसेल तर पातेलं चालेल, पण आजच पन्हळीखाली ठेव.

तुझा,
विनू