भिंत शिकवतो, अर्ज शिकवत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शीतयुद्धाचा धडा आला की वर्गात बर्लिनच्या भिंतीचे चित्र दाखवले जाते, 13 ऑगस्ट 1961 ही तारीख फळ्यावर येते आणि तास संपतो. मुलांच्या डोक्यात काटेरी तारा आणि बंदुका तेवढ्या राहतात. भिंतीपाशी किमान 140 जणांचे जीव गेले, हे सांगायलाच हवे. पण पूर्व जर्मनीतली बहुतेक माणसे भिंतीपर्यंत पोचलीच नाहीत. त्यांची वाट पोलिसांच्या पासपोर्ट खिडकीवरच अडली. प्रवासावरचे हे निर्बंध समजायचे तर ती खिडकी वर्गात आणावी लागते: प्रत्येक गटाला एका काल्पनिक अर्जदाराचे कार्ड द्यावे आणि त्याला परवानगी मिळेल का, हे त्यांना ठरवू द्यावे.

40 मुलांना आठ कार्डे पुरतात, पाच जणांत एक. कार्डावर वय, नोकरी, पश्चिमेतले नातेवाईक, कुठे जायचे आणि मुख्य म्हणजे साल लिहावे. साल राहून गेले की सगळेच बिघडते, कारण नियम सतत बदलत होते. 1960 साली पूर्व बर्लिनचा माणूस लोकलने पश्चिम बर्लिनला जाऊ शकत होता, 1962 साली नाही. लाइपझिगची 61 वर्षांची निवृत्त शिंपीणबाई पश्चिम जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या बहिणीकडे नोव्हेंबर 1964 पासून वर्षातून चार आठवडे जाऊ शकते. मुले हमखास विचारतात, आजीला सोडले मग तरुणांना का नाही? उत्तराची घाई करू नये, थोडे भांडू द्यावे. निवृत्त माणूस परतला नाही तर कारखान्याचे काम अडत नाही, उलट सरकारचे पेन्शन वाचते. भिंतीआधीच्या बारा वर्षांत सुमारे 27 लाख लोक निघून गेले होते. त्यांत तरुण कामगार, डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने होते. सरकारला धास्ती होती ती त्यांची.

सगळ्यात बोलके कार्ड 34 वर्षांच्या इंजिनियरचे. साल 1975, मावशी पश्चिमेत कोलोनला आजारी, पण शेवटची घटका मोजत नाही. 1972 पासून ‘तातडीच्या कौटुंबिक कारणासाठी’ अर्ज करता येई, पण जवळच्या नात्यातले लग्न, गंभीर आजार, मृत्यू अशी कारणे ठरलेली होती. परवानगी मिळालीच तर सहसा एकट्याला. बायको-मुले मागे, म्हणजे माणूस परत येणार. गटातल्या दोघांना बायको आणि मूल म्हणून बाजूला बसवले की हा हिशेब मुलांना लगेच कळतो. नकार आला तर कारण विचारू नये. 1989 च्या आधी ते देण्याचे बंधन पोलिसांवर नव्हते.

चेकोस्लोव्हाकियात प्रागला जाणारे जोडपे एका कार्डावर असावेच. 1972 पासून त्यांना नुसते ओळखपत्र पुरे. पोलंडलाही तसेच, पण तिथे सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिल्यावर ऑक्टोबर 1980 मध्ये ही सवलत बंद झाली. एक कार्ड देश कायमचा सोडू पाहणाऱ्या शिक्षिकेचे. मानवी हक्कांची हमी देणाऱ्या हेलसिंकी करारानंतर (1975) असे अर्ज वाढले आणि अर्जदाराची नोकरी जाणे नेहमीचे झाले. विनापरवाना सीमा ओलांडण्याचा प्रयत्न हा गुन्हाच होता, त्याला तुरुंगवास होई. 1963 ते 1989 या काळात पश्चिम जर्मनीने पैसे मोजून सुमारे 33 हजार राजकीय कैदी सोडवले.

‘सगळे समाजवादी देश सारखेच’ हा समज इथेच मोडावा. युगोस्लाव्हियाचे कामगार साठच्या दशकापासून पश्चिम जर्मनीत राजरोस नोकऱ्या करत होते. उलट सोव्हिएत संघात परदेशी सहलीलासुद्धा कामाच्या ठिकाणचे शिफारसपत्र लागे, त्यावर व्यवस्थापक, पक्ष आणि कामगार संघटना अशा तिघांच्या सह्या. सामूहिक शेतीवरच्या बहुतेक शेतकऱ्यांकडे तर सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशांतर्गत पासपोर्टही नव्हता.

जोडतास मिळाला तर दुसऱ्या तासाला नोव्हेंबर 1989 घ्यावा. 6 तारखेला प्रवास कायद्याचा मसुदा आला: वर्षाला 30 दिवस, पण अर्ज आणि परवानगी कायम. लोक भडकले. 9 तारखेला पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत सुधारित नियम वाचून दाखवला. त्यातही अर्ज होताच, आणि तो जाहीर व्हायचा होता दुसऱ्या दिवशी. कधीपासून, या प्रश्नावर ते ‘ताबडतोब’ म्हणून गेले. लोक खिडकीशी रांग लावायला थांबले नाहीत, थेट भिंतीच्या फाटकांवर गेले. रात्री साडेअकराच्या सुमारास बर्लिनमधल्या बोर्नहोल्मर रस्त्याचे फाटक उघडले. वेळ कमी पडला तर सोव्हिएत कार्ड गाळावे, हा भाग गाळू नये.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका, सांगली