सूचना : तलावातील परदेशी कासवांबाबत

सर्व सभासदांना रामराम.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता सगळ्यांनी आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर जमायचे आहे. जाळ्यात दोनदा लाल पट्ट्याचे कासव सापडले. शहरात हौसेने पाळायला विकतात तेच हे. मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले. विकताना नाण्याएवढे असते, पुढे ताटाएवढे होते, वीस-तीस वर्षे जगते. मग कोणीतरी पुण्य समजून तलावात सोडतो. आपल्या कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या जागेवर ते हक्क सांगते. जगातल्या सर्वात घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे.

ओळख नीट लक्षात ठेवा, चूक होता कामा नये :
- परदेशी : डोळ्यामागे लाल पट्टा, मानेवर पिवळ्या रेषा, पाठ कडक.
- आपले : पाठ मऊ कातडीची, मागचे पाय पोटाखालच्या झडपांत झाकते. हे कायद्याने संरक्षित आहे. जाळ्यात आले तर लगेच पाण्यात सोडा. घरी नेणे, विकणे गुन्हा आहे.

लाल पट्ट्याचे सापडल्यास मारू नका, दुसऱ्या बोडीत (लहान तळ्यात) तर मुळीच सोडू नका. झाकण असलेल्या टोपल्यात ठेवून वनरक्षकाला कळवा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. लहान लेकरांना हात लावू देऊ नका.

कोणाच्या घरी असे कासव असेल तर रविवारी घेऊन या. समितीतले कोणीही रागावणार नाही.