रविवारी धान्य-बियाण्यांचा बाजार : सभासदांना सूचना

भगिनींनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता मारुती मंदिराच्या सभामंडपात खानापूर तालुक्यातल्या शेतकरी बायका नाचणी, गावठी तांदूळ आणि कुळीथ घेऊन येणार आहेत. मध्ये दलाल नाही. भाव त्या सांगतील तोच; घासाघीस करू नये, ही कळकळीची विनंती. कष्टाला दाम मिळाला तरच त्या पुढच्या वर्षी नाचणी पेरतील.

१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात त्याचा दहावा भागही नाही. वाढत्या पोरांच्या घरी आंबील परत सुरू व्हायलाच हवी.

– कापडी पिशव्या आणा.
– घरचं गावठी बियाणं मूठभर आणा, अदलाबदल करू. संकरित नको, ते दुसऱ्या वर्षी तसंच येत नाही.
– पैसे रोख, उधारी नाही.

किती किलो हवं ते शुक्रवारपर्यंत अध्यक्षांकडे नोंदवा.