रावेरच्या पोराचे फोटो

जळगाव,
कोजागिरीनंतरचा सोमवार

प्रिय बापू,

काल नानांच्या गच्चीवर, आपल्या फोटोवाल्यांच्या बैठकीत, जे झालं ते घरी सांगितलं, तर ही म्हणाली, "फोटोवरून एवढं काय त्यात?" म्हणून तुला लिहायला बसलो. तब्येत बरी आहे, गुडघा ठीक, शुगर आटोक्यात. झालं.

रावेरचा तो पोरगा पहिल्यांदाच छापील फोटो घेऊन आला होता. मामाचा जुना कॅमेरा, सेन्सरपुढची इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश) अडवणारी काच काढून घेतलेला, लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर, म्हणजे दिसणारा बहुतेक प्रकाश अडवून इन्फ्रारेड तेवढा आत सोडणारा. आपण सगळे सावली शोधतो त्या भर दुपारी हा गडी केळीच्या बागेत. एका फोटोत पाटचारी खालच्या कोपऱ्यातून तिरपी निघते ती थेट सातपुड्याकडे. पाणी डांबरासारखं काळं, दोन्ही बाजूंची केळी पांढरीशुभ्र, आणि मागे डोंगराची एकेक घळ मोजून घ्यावी. एरवी तिकडून सातपुडा म्हणजे धुरकट निळा पट्टा, तुला माहीत आहे. लांब लहरींचा प्रकाश हवेत कमी विखुरतो, म्हणून ती सगळी झाक निघून गेली होती. फोटो हातात धरून मी कितीतरी वेळ बोललोच नाही.

आता ऐक. डोंगराच्या पायथ्याशी, फोटोच्या बरोब्बर मधोमध, एक फिकट गोल डाग. नाना म्हणाले, "वा! सातपुड्यावर काय तेज उतरलंय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरगा लाजला. त्यालाही ते तेजच वाटत होतं. मी दुसरा फोटो घेतला, त्यातही मधोमध तोच गोल. तिसऱ्यात तो केळीच्या घडावर बसलेला. अरे, सातपुड्यावरचं तेज केळीच्या घडावर कशाला येईल? ते लेन्सचं काम. इन्फ्रारेड प्रकाश काही लेन्सच्या आतल्या आत परावर्तित होतो आणि मधोमध असा डाग पाडतो. लेन्सचं छिद्र जितकं बारीक, तितका डाग ठसठशीत. त्याने सगळे एफ ११ वर, म्हणजे बारीक छिद्रावर, काढले होते.

मी आधी विचारलं, "तुला यात काय दाखवायचं होतं?" म्हणाला, "पाणी कुठून येतं ते." मग त्याला सांगितलं, तू बांधावर चढून काढलास म्हणून पाटचारी शेवटपर्यंत दिसते, खाली उभा राहिला असतास तर केळीनं झाकून टाकली असती. हे जमलंय, हे सोडू नकोस. पण नजर पाण्यावरून वर चढते आणि डोंगराला पोचायच्या आत त्या डागावर अडकते. त्याच जागेवरून छिद्र मोठं करून, एफ ५.६ वर, एक काढ, दुसरी लेन्स मिळाली तर तिनं एक काढ, आणि तिन्ही शेजारी ठेवून बघ. आणि पानं. केळीच्या पानाला जाड दांडा असतो, त्यातून निघालेल्या शिरा असतात, वाऱ्यानं चिरफळ्या झालेल्या असतात. तुझ्या फोटोत यातलं काहीच नाही, सगळं पांढरं. लाल चॅनेल, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, काठोकाठ भरून गेलाय. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघ आणि एक स्टॉप कमी दे, म्हणजे प्रकाश निम्मा कर.

एवढंच बोललो. आवाजही चढवला नव्हता. तर नाना कडाडले, "पोऱ्याले कसाले बोली ऱ्हायना तू? पहिल्यांदा आलाय तो!" आणि लगेच फर्मान काढलं की पुढच्या रविवारपासून गच्चीवर फक्त चांगलं तेवढंच बोलायचं. बापू, सगळे "हो" म्हणाले. अप्पासुद्धा!

ज्या अप्पांना तू तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या फोटोवर म्हणाला होतास, "अप्पा, पाणी सांडतंय, बादली आणू का?" तेच अप्पा आता ट्रायपॉड उभा केला की आधी क्षितिज सरळ करतात. हे "छान, छान" ऐकून झालं का?

नानांचं काळीज मला कळतं. कोणी नुसतं "हा काय फोटो आहे?" म्हणून हिणवलं, की नवा माणूस कॅमेरा माळ्यावर टाकून मोकळा होतो, हे आपण दोघांनी पाहिलंय. पण हिणवणं वेगळं आणि पोराला उद्या दुपारी बांधावर उभं राहून काय करून बघायचं ते सांगणं वेगळं. त्यानं आकाश निळं ठेवावं की सगळं काळंपांढरं करावं, यावर मी चकार शब्द काढला नाही. ती त्याची आवड. डाग ही काही त्याची आवड नव्हती, तो त्याला दिसलाच नव्हता.

(आवडीवरून आठवलं. "इन्फ्रारेड म्हणजे कॉम्प्युटरवर चुना फासणं" हे तुझं जुनं तुणतुणं आता तरी थांबव. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञानं असे फोटो १९१० साली छापले. तेव्हा कॉम्प्युटर कुणाच्या आजोबांकडे होता?)

खरी काळजी पुढेच. सगळे पांगले तेव्हा पोरगा पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, हे तुमच्याकडेच राहू द्या." आणि रावेरची एसटी पकडायला निघून गेला. याचा अर्थ काय लावू? विश्वासानं ठेवले, की नकोसे झाले म्हणून? रात्रभर तेच डोक्यात. हेच दिवस आहेत रे. पावसानं हवा धुतलेली, सातपुड्यात सागाला अजून पान आहे. एकदा पानगळ झाली की पाल गावच्या जंगलात इन्फ्रारेडला पांढरं उमटायला पानच उरत नाही. रुसून घरी बसला तर हंगाम हातचा जाईल. सकाळी फोन केला, उचलला नाही. बागेत असेल, असं मनाला समजावतोय.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिमणी यंदा बारावीला ना, तिला सांग काका आठवण काढतो. घराचा हप्ता, ऑफिसातली कटकट, सगळं सविस्तर लिही. दिवाळीनंतर बामणोदची वांगी निघाली की भरीत माझ्याकडे.

पाकीट सोबत पाठवतोय. तुला दाखवीन हे त्याला मी आधीच सांगितलं होतं. तिन्ही फोटो नीट उजेडात बघ आणि त्या पोराच्या नावानं वेगळ्या कागदावर लिही. काय जमलंय आणि पुढे काय करून बघायचं, दोन्ही. डागाबद्दल माझं चुकत असेल, तर तेही त्यालाच लिही. तो कागद मी रावेरला स्वतः नेऊन देईन, आणि जायच्या आधी नानांना वाचून दाखवीन. शनिवारच्या आत मिळेल असा टाक.

तुझाच,
भाऊ